कोणत्या देशाचे व्हावे?

गेल्या वर्षी आगोटीच्या सुमारास, वाडीतल्या केळींना टेकू देण्याचे काम आटोपून आम्ही उभयता ओट्यावर टेकलो असताना आमच्या मुलाने एक जाड वही आमच्यापुढे ठेवली. वहीच्या पहिल्या पानावर पाच देशांची नावे होती आणि प्रत्येक नावापुढे दोन रकाने आखलेले होते. एका रकान्याच्या डोक्यावर ‘कर’ असे लिहिले होते, दुसऱ्याच्या डोक्यावर ‘नागरिकत्व’. “बाबा, आई, तुम्ही एकवीस वर्षे परदेशात काढलीत. यातला कोणता देश निवडावा ते तुम्हीच सांगा,” असे तो म्हणाला. सूनबाई दाराशी उभ्या होत्या. सहा वर्षांची नात वहीच्या समासात बावखलातले बदक काढण्यात गुंतली होती. आतल्या खोलीत घरातल्या आजींची रोझरी चालू होती, ती मध्येच थांबल्याचे आमच्या ध्यानात आले.

हा प्रश्न आमच्या एकट्याच्या घरचा नाही, हे वाचकांना सांगावयास नको. आमच्या आधीच्या पिढीने वसईहून विरार-चर्चगेट गाडीने मुंबई गाठली आणि संध्याकाळी ती घरी परतली. आमच्या पिढीने आखाताची वाट धरली आणि ती वर्षातून एकदा परतू लागली. आता जी पिढी जात आहे ती जाताना परतण्याची तारीख सांगत नाही. धर्मग्रामातल्या कित्येक घरांत वरच्या मजल्यावरची खोली वर्षभर बंद असते आणि नाताळच्या आधी तिची झाडलोट होते. तेव्हा मुलाच्या वहीने आम्हांला आश्चर्य वाटले नाही. संकोच मात्र वाटला. कारण एके काळी आम्हीही देश निवडला होता आणि तो निवडताना केवळ एकच रकाना पाहिला होता.

१९८८ साली आम्ही दुबईस गेलो. तेथे पगारावर प्राप्तिकर नाही, एवढी एकच गोष्ट आम्हांला ठाऊक होती आणि ती पुरेशी वाटली होती. त्या वाळवंटाचे आमच्यावर ऋण आहे, ते आम्ही नाकारीत नाही. दोन बहिणींची लग्ने, वडिलांचे आजारपण, हे घर, वाडीतली विहीर, सारे त्या करमुक्त पगारातून झाले. तेथील राज्यकर्त्यांनी दिलेल्या जमिनीवर १९६७ साली उभ्या राहिलेल्या सेंट मेरीज चर्चमध्ये आम्ही नियमाने मिस्सेला गेलो. सुट्टी शुक्रवारी असे, म्हणून रविवारची मिस्सा आम्ही शुक्रवारी ऐकली. पुढे २०२२ पासून तेथे शनिवार-रविवारची सुट्टी सुरू झाली, पण तोवर आम्ही केव्हाच घरी परतलो होतो.

कर नव्हता, पण खर्च नव्हता असे नाही. मुलांना सरकारी शाळा नव्हती. खासगी शाळेची फी दर सत्राला द्यावी लागे. नोकरी आहे तोवर व्हिसा आणि व्हिसा आहे तोवर घर, असा सारा हिशेब होता. निवृत्तिवेतन नाही. नोकरी सुटताना पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी एकवीस दिवसांचा आणि पुढील वर्षांसाठी तीस दिवसांचा मूळ पगार, एवढी रक्कम हाती पडते. हे सारे आम्हांला ठाऊक होते. परंतु ठाऊक असणे निराळे आणि अनुभवास येणे निराळे.

अनुभव २००९ साली आला. जगभर मंदी होती आणि दुबईतली अर्धवट बांधलेली कितीतरी घरे तशीच थांबली होती. ज्या आस्थापनेत आमच्यापैकी एकाने एकवीस वर्षे हिशेब सांभाळले, तिने एका गुरुवारी दुपारी पत्र दिले. व्हिसा रद्द झाल्यावर देश सोडण्यास तीस दिवसांची मुदत होती. त्या तीस दिवसांत घर रिकामे केले, सामान विकले, मुलांचे दाखले काढले. थोरला अठरा वर्षांचा होता. त्याचा जन्म त्या शहरातला, त्याचा पहिला ख्रिस्तप्रसाद तेथला, त्याचे सारे सवंगडी तेथले. तेथे जन्मल्याने मात्र त्याला कोणताही हक्क मिळाला नव्हता, तसा तो कोणाही परदेशी मुलाला मिळत नाही. विमानतळावर तो एक शब्दही बोलला नाही. आपण मुलाला पंधरा दिवसांसाठी गावी नेत नसून त्याच्या गावातून बाहेर काढीत आहोत, हे त्या क्षणी आम्हांला उमगले.

एवढे असूनही, वही पाहून झाल्यावर आमचा पहिला कौल दुबईलाच पडला, हे कबूल केले पाहिजे. आम्ही त्याला सांगितले की आता तेथे काळ बदलला आहे. २०१९ पासून दीर्घ मुदतीचा ‘गोल्डन व्हिसा’ मिळू लागला आहे. २०२१ पासून काही निवडक गुंतवणूकदार, शास्त्रज्ञ आणि व्यावसायिकांना नागरिकत्वासाठी सुचविण्याची तरतूद झाली आहे. २०१८ पासून पाच टक्के मूल्यवर्धित कर आला, २०२३ पासून कंपन्यांच्या नफ्यावर कर आला, तरी नोकरदाराचा पगार अजून करमुक्तच आहे. हे सारे खरे होते, पण आमच्या सल्ल्यामागचे खरे कारण ते नव्हते. मुंबईहून तेथे तीन तासांत पोहोचता येते. आमच्यापैकी कोणी अंथरुणास खिळले तर मुलगा दुसऱ्या दिवशी उशाशी येईल, हे खरे कारण होते. म्हणजे आम्ही त्याच्यासाठी देश न निवडता आमच्या म्हातारपणासाठी विमान निवडीत होतो.

मुलाने आमचे बोलणे शांतपणे ऐकले. “मी जिथं जन्मलो तिथं मला आता पर्यटक म्हणून जावं लागतं,” तो म्हणाला, “माझ्या मुलीला हे पुन्हा नको.” यावर आम्हांला उत्तर नव्हते.

त्यानंतर चार-पाच रविवार मिस्सेनंतर आम्ही ती वही घेऊन बसलो. अमेरिकेचे नाव लवकर खोडले गेले. भारतात जन्मलेल्यांसाठी तेथील कायमच्या रहिवासाची रांग इतकी लांब आहे की मुलीचे शिक्षण संपेल, रांग संपणार नाही. कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना वर्षाच्या कोट्यातील सात टक्क्यांहून अधिक जागा मिळत नाहीत. शिवाय अमेरिका आपल्या नागरिकाकडून तो जगात कोठेही राहत असला तरी कराचा हिशेब मागते. उद्या मुलगा वसईत येऊन राहिला तरी त्याला दरवर्षी तेथे विवरणपत्र भरावे लागेल आणि येथील बँकखात्यांची माहितीही कळवावी लागेल. बहुतेक देश राहण्यावरून कर आकारतात. अमेरिका नागरिकत्वावरूनही आकारते. हा भेद अनेकांना तेथे गेल्यावर कळतो.

न्यूझीलंड आम्हांला आवडले. तेथे मालमत्तेच्या नफ्यावर सरसकट कर नाही. नव्याने गेलेल्यास परदेशातील बहुतेक उत्पन्नावर सुमारे चार वर्षे सूट मिळते. कायमच्या रहिवाशाने एक वर्ष वास्तव्य केले की नागरिकत्व नसतानाही त्याला मतदान करता येते. आलेल्या माणसास इतक्या लवकर मत विचारणारा देश आमच्या ऐकिवात दुसरा नव्हता. पण मुलाच्या कामाला तेथे वाव कमी होता, म्हणून ते पान बाजूला राहिले.

जर्मनीच्या पानावर आम्ही सर्वांत अधिक वेळ थांबलो. तेथे २०२४ च्या जूनपासून नागरिकत्वासाठी आठऐवजी पाच वर्षांचे वास्तव्य पुरते आणि भाषेची परीक्षा द्यावी लागते. पण आम्हांला थबकवले ते चर्चकराने. त्या देशात राहावयास गेल्यावर स्थानिक कचेरीत नाव नोंदविताना धर्म विचारतात. कॅथलिक असे सांगितले की प्राप्तिकराच्या आठ किंवा नऊ टक्के इतका चर्चकर सरकार कापून घेते आणि ख्रिस्तसभेकडे पोहोचते करते. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या दोन राज्यांत आठ टक्के, इतरत्र नऊ. म्हणजे आठ हजार युरो प्राप्तिकर असेल तर सहाशे चाळीस किंवा सातशे वीस युरो. हा कर नको असेल तर सरकारी कचेरीत जाऊन ‘मी चर्च सोडले’ असे लिहून द्यावे लागते आणि तसे लिहून देणाऱ्यास संस्कार घेता येत नाहीत, असे तेथील बिशपमंडळाने २०१२ साली जाहीर केले.

यावर घरात बरीच चर्चा झाली. सूनबाईंना तो प्रकार रुचला नाही. श्रद्धेची पावती सरकारने का फाडावी, असे त्यांचे म्हणणे. आम्हांला मात्र आमचे शुक्रवार आठवले. दुबईत आम्ही चर्चच्या पेटीत मनाला येईल ते टाकीत असू आणि अनेकदा मनाला फारसे येत नसे. येथे वसईतही सणाच्या वर्गणीच्या वेळी हात आखडणारे आम्हीच. कर कापला जावा की नाही हा वाद बाजूला ठेवू, पण जेथले आपण म्हणवतो तेथला खर्चही आपला असतो, ही गोष्ट त्या पानाने आमच्यापुढे ठेवली. वहीच्या दोन रकान्यांकडे आम्ही तोवर दोन वेगळ्या गोष्टी म्हणून पाहत होतो. ते एकाच व्यवहाराचे दोन भाग आहेत, हे आम्हांला तेथे कळले. दुबईने आमच्याकडून कर घेतला नाही आणि आम्ही निघालो तेव्हा तिचे आमच्याशी काही देणेही उरले नाही. यात तिने आम्हांला फसविले असे म्हणता येत नाही. करार आम्हीच तसा केला होता.

मध्यंतरी नात्यातल्या एका तरुणाने विचारले, “आपली आडनावं पोर्तुगीज, मग गोव्याच्या लोकांसारखा आपल्याला पोर्तुगालचा पासपोर्ट का मिळू नये?” हा प्रश्न अनेकांच्या मनात असतो, म्हणून येथे लिहितो. वसई पोर्तुगीजांकडे १५३४ च्या तहाने गेली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. गोवा, दमण आणि दीव १९६१ च्या डिसेंबरपर्यंत पोर्तुगीज अमलाखाली होते. त्या अमलात जन्मलेल्यांना पोर्तुगालचा कायदा आपले मानत आला आणि म्हणून अनेक गोवेकरांनी लिस्बनला जन्मनोंदणी करून तेथील पासपोर्ट घेतले. आपल्याकडे उरली ती आडनावे. मुलाची मावशी सासष्टीत दिलेली आहे. तिच्या थोरल्याने असा पासपोर्ट घेतला आणि तो पोर्तुगालला न जाता इंग्लंडमध्ये स्विंडनला गेला, कारण तेव्हा ब्रिटन युरोपीय संघात होते. धाकट्याचा पासपोर्ट २०२१ मध्ये हाती आला. तोवर २०१६ च्या सार्वमतानुसार ब्रिटन संघातून बाहेर पडले होते, २०२० च्या अखेरीस संक्रमणाची मुदतही संपली होती आणि त्या पासपोर्टावर तेथे जाऊन काम करण्याचा हक्क उरला नव्हता. त्याचे भारतीय नागरिकत्व मात्र गेले ते गेलेच. एका देशाचा दरवाजा दुसऱ्या देशात शिरण्यासाठी वापरावयाचा, तर दोन्ही घरांच्या मर्जीवर राहावे लागते.

भारतीय नागरिकत्व गेले, असे आम्ही म्हटले. ते नीट समजून घेतले पाहिजे. आपल्या देशात दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार अन्य देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारताच भारताचे नागरिकत्व आपोआप संपते. दुसरा देश दोन्ही ठेवण्यास परवानगी देत असला तरी आपला देत नाही. त्यानंतर ‘ओसीआय कार्ड’ मिळू शकते. ही सोय २००५ पासून आहे. त्यावर आयुष्यभर व्हिसावाचून येता येते, राहता येते. पण मत देता येत नाही, निवडणूक लढविता येत नाही. आणि आम्हां शेतकऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे शेतजमीन विकत घेता येत नाही.

हे वाचल्यावर आम्ही वाडीचा सातबारा काढून बसलो. जमिनीच्या खरेदीची बंदी नागरिकत्व सोडल्यावरच लागते असे नाही. परदेशी स्थायिक झालेला मनुष्य भारतीय पासपोर्ट बाळगून असला तरी त्याला येथे शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. वारसाने मात्र ती त्याच्याकडे येऊ शकते आणि येथे राहत असताना जी त्याच्या नावावर झाली ती तो ठेवू शकतो. विकावयाची झाल्यास ती येथे राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. म्हणजे द्यावयाचे ते मुलगा येथे असतानाच द्यावे, नाहीतर मृत्युपत्रात लिहून ठेवावे. पाच पिढ्यांनी ज्या जमिनीत केळी, चाफा आणि मोगरा लावला, तिच्याविषयी ‘पुढे पाहू’ असे आम्ही आजवर म्हणत आलो होतो. पुढे पाहण्यास आता तीन महिने उरले होते.

एव्हाना वहीत कॅनडाचे एकच पान उरले होते. तेथे कर भरपूर आहे. केंद्राचा वेगळा, प्रांताचा वेगळा. तेथील रहिवाशाला जगभरातील उत्पन्न दाखवावे लागते. आपल्याकडे शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, भविष्यनिर्वाहाच्या पीपीएफ खात्याच्या व्याजावरही नाही. परंतु कॅनडाला ही सूट मान्य नाही. दोन देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे खरा, पण त्यात येथे भरलेल्या कराची वजावट मिळते. येथे काही भरलेलेच नसेल तर वजा काय करणार? एक चांगली गोष्ट म्हणजे तेथे पोहोचण्याच्या दिवशी येथील मालमत्तेची जी बाजारकिंमत असेल तीच तिची खरेदी किंमत मानली जाते. म्हणून जाण्यापूर्वी जमिनीचे मूल्यांकन करून कागद जवळ ठेवावा. वाढलेल्या किमतीचा जुना भाग मग करातून सुटतो. ज्यांची मुले जाणार आहेत त्यांनी हे विसरू नये.

आणि कराच्या बदल्यात? पाच वर्षांत एकूण १,०९५ दिवस प्रत्यक्ष राहिल्यास नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. दवाखान्यात डॉक्टरला दाखविण्यासाठी खिसा चाचपावा लागत नाही. अठराव्या वर्षानंतर किमान दहा वर्षे तेथे राहिलेल्यास पासष्टीनंतर वृद्धापकाळचे वेतन मिळते, पूर्ण रकमेसाठी चाळीस वर्षे लागतात. नोकरी गेली तरी कायमच्या रहिवाशाला तीस दिवसांत सामान विकावे लागत नाही. हे शेवटचे वाक्य मुलाने वहीत दोनदा अधोरेखित केले होते.

आमचा आणि त्याचा शेवटचा वाद नागरिकत्वावरच झाला. तो म्हणे, तेथे राहीन, कर भरीन, पण भारतीय पासपोर्ट सोडणार नाही. आम्हांला ते ऐकून बरे वाटायला हवे होते, वाटलेही. पण एकवीस वर्षे आम्ही जसे राहिलो तसेच तो राहू पाहत होता: देह एका देशात, कागद दुसऱ्यात आणि मत कोठेच नाही. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदारयादीत नाव घालता येते, पण मतदानास स्वतः येथे यावे लागते. आम्ही तेथे होतो तेव्हा तीही सोय नव्हती. तेव्हा आम्ही मन घट्ट करून सांगितले, “बाळा, पाच वर्षांनी तुला तो देश आपला वाटला, तर आमच्याकडे न पाहता त्याचा हो. आणि नाही वाटला, तर परत ये. पण अधांतरी राहू नकोस.” त्या रात्री आम्हां दोघांनाही झोप आली नाही.

सप्टेंबरात ते तिघे गेले. जाण्यापूर्वी वाडीचा एक भाग मुलाच्या नावावर झाला, उरलेल्याचे मृत्युपत्र झाले, मूल्यांकनाचा कागद झाला. बँकेतले साधे खाते अनिवासी खात्यात बदलले. कागदांची पिशवी भरताना आजी बाहेर आल्या. इतके दिवस त्यांनी एक शब्दही काढला नव्हता. त्यांनी एवढेच विचारले, “ह्या पोरीला पुढं इथं यायला परवानगी लागेल का?” आम्ही म्हणालो, “कार्ड मिळतं, आजी. आयुष्यभर येता येतं.” त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग आत जाऊन त्यांनी नातीचा बाप्तिस्म्याचा दाखला आणला. फादरांकडून त्यांनी तो आधीच काढून ठेवला होता. तो त्यांनी पासपोर्टांच्या मध्ये सरकवला आणि त्या पुन्हा आपल्या खोलीत गेल्या.

ज्या घरांत अशी वही उघडली जाईल त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. कर किती, हे जरूर पाहावे. आकडे खोटे बोलत नाहीत. पण नोकरी गेल्यावर, आजार आल्यावर आणि म्हातारपणी त्या देशाच्या लेखी आपण कोण असू, हे त्याच पानावर लिहून पाहावे. आणि येथे जे मागे राहणार आहेत त्यांनी आपल्या मुलासाठी देश निवडताना आपली भीती त्या रकान्यात भरू नये. आम्ही ती भरली होती. ती खोडण्यास आम्हांला पाच रविवार लागले.

मुलाला नोकरी लागली आहे. पहिल्या पगाराच्या पावतीचे छायाचित्र त्याने पाठविले, त्यात कपातीच्या ओळी चांगल्या ठळक होत्या. आम्ही चष्मा लावून त्या एकेक वाचल्या. आजींनी विचारले, “पुष्कळ कापतात का रे?” आम्ही म्हणालो, “हो, पुष्कळ.” वरच्या मजल्यावरची खोली आम्ही अजून बंद केलेली नाही.